दारूचें उत्पन्न व सरकारचें कर्तव्य

महाराष्ट्र राज्यांत दारूसंबंधींचा जो मुख्य कायदा आज चालू आहे त्याचें नांव दारूबंदी कायदा असें आहे, आणि ज्या खात्याकडे त्याची अंमलबजावणी सोंपविली आहे त्याचें नांव उत्पादन शुल्क विभाग असें आहे. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या या दोन दृष्टि होत. एक म्हणते, ही वस्तु समाजांत नको; दुसरी म्हणते, ती किती खपली त्याचा हिशेब द्या. १९४९ सालीं मुंबई प्रांतांत झालेला हा कायदा १९६० नंतर महाराष्ट्राकडे वारशानें आला. पुढें त्याच्या नांवांतील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलें, पण मूळ तत्त्व कागदावर तसेंच राहिलें: परवान्यावांचून दारू पिणें हा अपराध होय. व्यवहारांत मात्र या परवान्याची आठवण पिणारास क्वचित् होते व विकणारास त्याहूनहि क्वचित्. जो नियम रोज उघड्यावर मोडला जातो, आणि ज्या पिण्यांतून राज्याच्या तिजोरींत भर पडते, त्या नियमाबद्दल प्रजेच्या मनांत आदर कसा राहावा? सरकारचें दारूविषयक व अंमली पदार्थांविषयक धोरण कसें सुधारतां येईल याचा विचार या विसंगतीपासूनच सुरू केला पाहिजे.

कित्येक वाचकांस असें वाटेल कीं, हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा आहे. गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. त्याचा नायक गिरणींतला मजूर नव्हता, वकील होता, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आज पांढरपेशा घरांत दारू येते ती चोरवाटेनें येत नाहीं. बढतीच्या मेजवानींतून, कचेरींतील स्नेहसंमेलनांतून, परदेशाहून परतलेल्या आप्ताच्या पेटींतून ती राजरोस येते. ती एखाद्याच्या अंगीं भिनली असें कळलें म्हणजे घर काय करतें? तें लपवितें. सासूबाई सुनेस बजावतात, "माहेरीं एक अक्षर बोलूं नकोस." थोरले बंधु धाकट्याचें कर्ज गुपचूप फेडतात. मुलांस सांगण्यांत येतें कीं, काकांना आज बरें वाटत नाहीं. एकत्र कुटुंबाची शक्ति मोठी आहे खरी; पण ती सारी झांकण्याकडे खर्च झाली म्हणजे रोग्यास वैद्य भेटण्यास वर्षांमागून वर्षें लागतात. म्हणून सरकारी धोरणाचा हा प्रश्न घरचाच प्रश्न होय असें आम्ही समजतों.

प्रश्नाचा विस्तार किती आहे हें आधीं पाहूं. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील व्यसनोपचार केंद्रानें देशव्यापी पाहणी केली व तिचा अहवाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या लोकांपैकीं शेंकडा १४.६, म्हणजे सुमारें १६ कोटी माणसें, दारू पितात असें तींत आढळलें. यांपैकीं सुमारें ५.७ कोटींचें पिणें अपायकारक किंवा परावलंबी स्वरूपाचें असून त्यांस मदतीची गरज आहे. भांगवर्गीय पदार्थ घेणारे सुमारें ३.१ कोटी व अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारें २.२६ कोटी आहेत. या सर्वांहून बोलका आंकडा पुढें आहे. दारूवर सर्वस्वीं अवलंबून झालेल्या अडतीस माणसांपैकीं एकासच कोणत्या तरी प्रकारचा उपचार मिळाला होता, आणि रुग्णालयांत राहून उपचार मिळालेला मनुष्य एकशेंऐशींत एक होता. बाकीचे सदतीस कोठें आहेत? ते घरांत आहेत. त्यांचा भार कोणी बायको, कोणी आई, कोणी शाळेंत जाणारी मुलगी वाहत आहे.

बंदीचा विचार महाराष्ट्रांत परकीय नाहीं, उसनाहि नाहीं. १८८० सालीं पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या गुत्त्यांविरुद्ध लेखी हरकत घेतली. १९०८ सालीं टिळकांच्या प्रेरणेनें पुण्यांत गुत्त्यांपुढें स्वयंसेवक उभे राहिले. ज्या दोन पुरुषांचें समाजकारणांत फारसें जमलें नसतें, त्यांचें या एका बाबींत एकमत व्हावें ही गोष्ट लहान नाहीं. परकीय सरकारचें आबकारी उत्पन्न हा त्या काळीं लोकांच्या रोषाचा विषय होता. तेव्हां काँग्रेसचें मंत्रिमंडळ अधिकारावर आल्यानंतर १ ऑगस्ट १९३९ रोजीं डॉ. गिल्डर यांच्या पुढाकारानें मुंबई शहरांत बंदी जारी झाली. पण थोड्याच महिन्यांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि तो प्रयोग खुंटला. स्वातंत्र्यानंतर बंदी पुन्हां आली. पुढें राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदानें मादक पेयें व प्रकृतीस अपायकारक औषधी पदार्थ यांच्या बंदीसाठीं राज्यानें प्रयत्न करावा असें मार्गदर्शक तत्त्वच घालून दिलें.

त्या बंदीचें पुढें काय झालें हें सर्वांस ठाऊक आहे. हातभट्ट्या पेटल्या, प्रकृतीच्या कारणावरून परवाने निघूं लागले, चोरट्या धंद्याचे सावकार झाले. आणि १९६० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रानें बंधनें सैल करीत करीत विक्रीची वाट मोकळी केली. गुजराथनें मात्र बंदी कायम ठेविली. म्हणून कोणी म्हणेल, बंदी फसली, विषय संपला. आम्हांस तो निष्कर्ष घाईचा वाटतो. वर्धा जिल्ह्यांत बंदी आहे. गडचिरोलींत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरांत ती १ एप्रिल २०१५ रोजीं आली आणि २०२१ सालीं मंत्रिमंडळाच्या निर्णयानें उठविली गेली. गडचिरोली व चंद्रपूर हे लागून असलेले जिल्हे. कायदा एकच, सरकारहि एकच. फरक कोठें पडला? गडचिरोलींत बंदीच्या मागणीसाठीं लोकांची चळवळ आधीं झाली व बंदी मागून आली. शिवाय २०१६ पासून तेथें डॉ. अभय व राणी बंग यांची 'सर्च' संस्था, राज्य सरकार व टाटा न्यास यांच्या सहकार्यानें 'मुक्तिपथ' हा उपक्रम गांवोगांव चालू झाला. त्यांत गांवच्या संघटना, बंदीची अंमलबजावणी, लोकशिक्षण व उपचार या चारही गोष्टींची एकत्र जोड आहे. चंद्रपुरांतहि मागणी स्त्रियांचीच होती, मोर्चेहि त्यांनींच काढले. पण बंदी जाहीर झाल्यावर तिच्या मागें असें चौफेर काम तितक्या प्रमाणांत उभें राहिलें नाहीं, व चोरट्या विक्रीचें कारण पुढें करून ती उठविणें सोपें झालें. बंदीचा हुकूम एका दिवसांत निघतो, पण त्याच्या मागचें काम रोज करावें लागतें.

उलट बाजूनेंहि एक धडा मिळाला आहे. मार्च २०२० मध्यें साथीच्या टाळेबंदींत देशभरची दारूचीं दुकानें एका रात्रींत बंद झालीं. ज्यांचें शरीर दारूवर अवलंबून होतें त्यांचे हाल झाले. केरळांत कांहींनीं आत्महत्या केल्या. तेथील सरकारनें डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा हुकूम काढला व उच्च न्यायालयानें त्यास स्थगिति दिली. मे महिन्यांत दुकानें उघडलीं तेव्हां लागलेल्या रांगा सर्वांनीं पाहिल्या. जुनी दारू एकाएकीं तोडली तर हात कांपतात, झोंप उडते, घाम सुटतो. कांहींस आंकडी येते, दोन-चार दिवसांत वात होऊन मनुष्य बरळूं लागतो, आणि त्यांत प्राणहि जाऊं शकतात. ज्या सरकारास दारू बंद करण्याचा अधिकार आहे, त्यास ती सुटतांना होणारा हा आजार सांभाळण्याची व्यवस्थाहि ठेविली पाहिजे. ती व्यवस्था तालुक्याच्या गांवीं नसेल तर दुकान उघडें असो वा बंद, रोगी अनाथच राहतो.

यावरून आमच्या मतें सुधारणेची पहिली पायरी उपचार ही होय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें दारू व अंमली पदार्थ यांच्या सेवनाशीं निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारांत गणल्या आहेत. म्हणजे व्यसनी मनुष्य हा कायद्याच्या दृष्टीनें रोगी ठरतो. मग प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत व्यसनोपचारासाठीं चार खाटा, शिकविलेला एक डॉक्टर व एक समुपदेशक असणें ही मागणी अवास्तव कशी? पुण्याचें मुक्तांगण १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधारानें, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत सुरू केलें. सरकारची जागा, खाजगी देणगी व कार्यकर्त्यांची तळमळ यांचा मिलाफ झाला म्हणजे काय घडतें याचें तें उदाहरण होय. पण एका संस्थेच्या पुण्याईवर साऱ्या राज्यानें विसंबून राहावें हें योग्य नव्हे. ज्या घरास पुण्यापर्यंतच्या प्रवासाचे व महिनाभर मजुरी बुडविण्याचे पैसे नाहींत, त्याचें काय?

पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न येथें सरकारी अधिकारी विचारतील. उत्तर त्यांच्याच कागदांत आहे. १० जून २०२५ रोजीं राज्य मंत्रिमंडळानें दारूवरील शुल्क वाढविण्याचा निर्णय घेतला. देशांत बनणाऱ्या विदेशी पद्धतीच्या मद्यावरील शुल्क, निर्मितिमूल्य लिटरमागें २६० रुपयांपर्यंत असलेल्या मालासाठीं, त्या मूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटींवर नेलें. देशी दारूचें शुल्क प्रूफ लिटरमागें १८० रुपयांवरून २०५ रुपयांवर नेलें. आणि यांतून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांची अधिक प्राप्ति होईल असा अंदाज सांगितला. या वाढीस आमचा विरोध नाहीं. दारू महागली म्हणजे पिणें कमी होतें, हें पुष्कळ देशांत दिसून आलें आहे. स्कॉटलंडनें मे २०१८ पासून दारूंतील मद्यार्काच्या प्रमाणावर किमान किंमत ठरवून दिली. तेथील सार्वजनिक आरोग्य खात्याच्या २०२३ च्या मूल्यमापनांत केवळ दारूमुळें होणाऱ्या मृत्यूंत शेंकडा १३.४ इतकी घट झाल्याचें दिसलें. तेथें तत्त्व असें कीं, ज्या बाटलींत मद्यार्क अधिक तिची किंमत अधिक. आपल्याकडे मात्र हा निर्णय उत्पन्नवाढीच्या नांवानें जाहीर झाला. वाढीव प्राप्तीचा शेंकडा पांचच भाग उपचार व प्रतिबंध यांसाठीं कायद्यानें राखून ठेविला, तरी वरच्या अंदाजाप्रमाणें ७०० कोटी रुपये होतात. हा भाग अंदाजपत्रकांत निराळ्या सदराखालीं दाखवावा, आणि तो दुसरीकडे वळवितां येऊं नये, अशी आमची सूचना आहे.

किंमत वाढवितांना एक सावधगिरी मात्र हवी. गरिबाची बाटली महाग झाली आणि हातभट्टी तशीच राहिली, तर गरीब हातभट्टीकडे वळतो. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी भागांत विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. मिथेनॉल हा कारखान्यांत लागणारा पदार्थ दिसण्यांत साध्या मद्यार्कासारखाच असतो. तो पोटांत गेला म्हणजे आधीं दृष्टि जाते व मग प्राण. म्हणून शुल्कवाढीबरोबरच कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मिथेनॉलच्या प्रत्येक पिंपाचा हिशेब लागला पाहिजे. तो हिशेब न ठेवणारा अधिकारी हातभट्टीवाल्याइतकाच दोषी धरला पाहिजे.

दुसरी सुधारणा दुकानांच्या संख्येची. जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला होता. द्राक्षे पिकविणाऱ्या शेतकऱ्याचें हित हें त्याचें कारण सांगण्यांत आलें. लोकांकडून कडाडून विरोध झाला व तो बेत पुढें सरकला नाहीं. शेतकऱ्याचें हित आम्हांसहि हवें आहे. पण ज्या दुकानांत आई मुलास साखर आणावयास धाडते, तेथें दारूची फळी नसावी एवढी अपेक्षा अवाजवी नाहीं. दुकान असावें कीं नसावें हें ठरविण्याचा कांहीं हक्क राज्यानें स्त्रियांस दिला आहे, ही महाराष्ट्राची भूषणावह गोष्ट होय. २००८ च्या आदेशानें गांवांत वा प्रभागांत स्त्रियांच्या मागणीवरून मतदान घेण्याची रीत घातली. 'उभी बाटली' व 'आडवी बाटली' हे शब्द त्यांतूनच रूढ झाले. पण त्यांत एक गोम राहिली. झालेल्या मतांपैकीं बहुमत पुरेसें नव्हे, तर यादींतील एकूण स्त्री मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीस हवींत. म्हणजे जी बाई सासरीं गेली, जी ऊसतोडणीस परगांवीं गेली, जी मरण पावूनहि यादींत उरली, तिचें मत आपोआप दुकानाच्या बाजूस पडलें. आमदार निवडतांना आपण असा नियम लावीत नाहीं. विधानसभेच्या कसोटीस जें चालतें तें गुत्त्याच्या कसोटीस कां चालूं नये? निर्णय झालेल्या मतांवर व्हावा, मतदान रविवारीं असावें, आणि अर्जावर सह्या करणाऱ्या बायकांस धमकावणारास कडक शिक्षा व्हावी, ही मागणी स्त्रीसंस्थांनीं लावून धरली पाहिजे.

तिसरा भाग अंमली पदार्थांचा. येथें बाप अधिक गोंधळतो, कारण दारूचा वास येतो, पण मुलाच्या खिशांतील लहानशा पुडीचा येत नाहीं. 'एम. डी.' या नांवानें ओळखला जाणारा मेफेड्रोन हा पदार्थ २०१५ सालींच केंद्र सरकारनें अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणला, तरी तो महाविद्यालयांच्या आसपास पोहोंचतच आहे. १९८५ चा हा कायदा विकणाऱ्यास कठोर आहे, व तो असावाहि. सेवन करणारासहि त्यांत शिक्षा आहे. परंतु ६४ अ या कलमान्वयें जो व्यसनी आपणहून सरकारमान्य संस्थेंत उपचार घेतो, त्याच्यावर सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणांत पदार्थ बाळगल्याबद्दल खटला चालत नाहीं. मात्र उपचार अर्धवट टाकल्यास हें संरक्षण जाऊं शकतें. ही तरतूद किती बापांस ठाऊक आहे? 'पोलीस धरतील' या भीतीनें मुलगा दडविला जातो आणि तेवढ्या अवधींत रोग वाढतो. पोर्तुगालनें २००१ सालीं अल्प प्रमाणांत पदार्थ बाळगणें फौजदारी गुन्ह्यांतून काढलें व अशा माणसास न्यायाधीशापुढें नेण्याऐवजीं डॉक्टर व समाजसेवक असलेल्या मंडळापुढें नेण्याची पद्धति घातली. आपण लगेच तितकें दूर जावें असें आमचें म्हणणें नाहीं. पण आपल्याच कायद्यांत जी दयेची खिडकी ठेविली आहे ती प्रत्येक पोलीस ठाण्यानें व महाविद्यालयानें उघडी ठेवावी, ही सुधारणा आजच्या आज होण्यासारखी आहे. त्यास नवा कायदा लागत नाहीं, फक्त एक परिपत्रक लागतें.

चौथी गोष्ट कारभाराची. दारूचा वसूल एका खात्याकडे, व्यसनमुक्तीचें काम सामाजिक न्याय खात्याकडे, रुग्णालयें आरोग्य खात्याकडे, तस्करी गृहखात्याकडे, औषधांच्या दुकानांवरील नजर अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि शाळा शिक्षण खात्याकडे. सहा ठिकाणीं विभागलेलें काम कोणाचेंच राहत नाहीं. २०११ सालीं राज्यानें व्यसनमुक्ति धोरण जाहीर केलें, हें चांगलेंच झालें. सौम्य बिअर व वाइन यांस एकवीस आणि कडक मद्यास पंचवीस अशी वयाची मर्यादाहि आहे. पण दुकानदार वय विचारतो काय, हें कोणी जाऊन पाहावें! मुख्य सचिवांच्या देखरेखीखालीं एक मंडळ असावें. त्यानें दरवर्षीं विधिमंडळापुढें आंकडे ठेवावे. किती दुकानें वाढलीं, किती लोकांस उपचार मिळाला, वर्षानंतर त्यांतले किती सावरलेले आहेत, दारू पिऊन गाडी हांकल्यानें किती अपघात झाले, हें सर्व एका कागदावर यावें. आज विधिमंडळास उत्पन्नाचा आंकडा प्रतिवर्षीं कळतो. उध्वस्त घरांचा कळत नाहीं.

सरकारास एवढें सांगितल्यावर घराचें कर्तव्यहि सांगितलें पाहिजे. पहिलें हें कीं, जुन्या पिणाऱ्यास खोलींत कोंडून दारू तोडूं नये. डॉक्टरांच्या देखरेखीखालींच ती सोडवावी. दुसरें हें कीं, जाहिराती वाचून 'नकळत देण्याचीं' औषधें भाजी-आमटींत कालवूं नयेत. दारूचा तिटकारा आणणारें औषध पोटांत असतां मनुष्यानें दारू घेतली तर जीवावर बेतूं शकतें, म्हणून तें त्याच्या संमतीनें व वैद्याच्या सल्ल्यानेंच द्यावयाचें असतें. तिसरें, त्याचें कर्ज फेडणें व कचेरींत खोटा निरोप धाडणें बंद करावें. त्यानें रोग लांबतो. चौथें, सुनेस माहेरीं बोलूं द्यावें. तिच्या तोंडावरचा हात घराण्याची अब्रू राखीत नाहीं, तो रोगच राखतो. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची दूरध्वनी सेवा आहे. तो क्रमांक घरांत कोठें तरी लिहून ठेवावा. पहिला दूरध्वनी घरांतील वडील माणसानें करावा हें उत्तम. तें न झालें तर जिला सर्वांत अधिक सोसावें लागतें तिनें करावा, आणि त्याबद्दल तिला कोणीं दूषण देऊं नये.

शेवटीं आमचें म्हणणें एवढेंच. संपूर्ण बंदी हवी कीं नियंत्रित विक्री, यावर सुज्ञांत मतभेद राहतील, व त्यावर वाद होत राहावा हेंहि योग्यच. पण रोग्यास तालुक्यांत खाट मिळावी, उत्पन्नाचा ठराविक अंश त्यासाठीं राखावा, स्त्रियांचें मत सरळ मोजावें आणि उपचारास येणाऱ्या मुलास पोलिसांचें भय नसावें, या चार गोष्टींवर बंदीचा कैवारी व विक्रीचा समर्थक यांचें एकमत होण्यास कांहींच हरकत नाहीं. आपापल्या मतदारसंघांतील आमदारांस पुढील अंदाजपत्रकापूर्वीं या चार प्रश्नांचें एक पत्र आमच्या वाचकांनीं घालावें. तें लिहावयास पाऊण तास पुरतो, आणि त्यावर घरांतील स्त्रियांच्याहि सह्या असाव्या.